तारण, खंडणी, प्रायश्चित्त: ख्रिस्ताचे काम मराठीत सांगताना

बँकेच्या दारावर 'सोने तारण कर्ज' अशी पाटी असते, आणि मराठी चर्चच्या उपासनेत 'तारण' हा शब्द वारंवार कानावर येतो. एका ठिकाणी तारण म्हणजे कर्जाच्या हमीसाठी ठेवलेली वस्तू, दुसऱ्या ठिकाणी पापातून झालेली सुटका. एक अर्थ सावकाराच्या पेढीवरचा आहे, दुसरा नदीकाठचा: तरणे, तारणे, पैलतीराला नेणे. कोशात हे दोन्ही अर्थ शेजारी नांदतात आणि बोलताना कोणाचा गोंधळही होत नाही. पण अनुवादकाची नजर तिथे अडते. युरोपीय भाषांनी ख्रिस्ताच्या कामासाठी 'रिडेम्प्शन' हा शब्द घेतला आणि त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ 'परत विकत घेणे' असा आहे. गहाण पडलेली वस्तू दाम मोजून सोडवून आणावी तसे. म्हणजे बाजार आणि नदी ही दोन चित्रे मराठीने योगायोगाने एकाच शब्दात आणून ठेवली आहेत.

ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा थोडक्यात सांगता येतो. माणूस पापामुळे देवापासून दुरावला आहे, ही दरी त्याला स्वतःच्या बळावर ओलांडता येत नाही, आणि येशू ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या मरणाने व पुनरुत्थानाने ती ओलांडली गेली. अवघड प्रश्न पुढे येतो. एका माणसाच्या मरणाने इतरांची सुटका कशी होते? ख्रिस्त कोण आहे हे निकाया (३२५) आणि कॅल्सिडन (४५१) येथील धर्मपरिषदांनी काटेकोर शब्दांत ठरवले. त्याने तारण नेमके कसे केले, याची अशी एकच बांधील व्याख्या मात्र त्यांनी दिली नाही. नव्या करारात चित्रे आहेत. गुलामाला सोडवण्यासाठी मोजलेले मोल, वेदीवरचा बळी, न्यायालयातली निर्दोष सुटका, शत्रूवर मिळवलेला विजय, रद्द केलेला कर्जरोखा. प्रत्येक पिढीने यांतले एखादे चित्र पुढे आणले आणि बाकीची मागे ठेवली.

चौथ्या शतकात निसाच्या ग्रेगरीने मोलाचे चित्र शेवटपर्यंत ताणले. मोल दिले तर ते कोणाला? माणूस ज्याच्या ताब्यात होता त्या सैतानाला. ख्रिस्ताचे मानवी शरीर हे आमिष, त्यामागे दडलेले देवपण हा गळ, आणि सैतान मासोळीसारखा त्याला लागला, असे त्याचे स्पष्टीकरण. त्याच काळातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला ही कल्पनाच असह्य झाली. चोराला त्याच्या चोरीबद्दल मोबदला द्यायचा, आणि तोही देवानेच? अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या अन्सेल्मने सैतानाला व्यवहारातून बाहेर काढले. सरंजामी समाजात धन्याचा मान दुखावला तर भरपाई द्यावी लागे. माणसाने देवाचा मान राखला नाही, हे ऋण माणसाचेच, पण ते फेडण्याची ऐपत फक्त देवाची. म्हणून फेडणारा एकाच वेळी देव आणि माणूस असणे भाग आहे. लगोलग आबेलारने वेगळी बाजू मांडली: क्रुसावर दिसते ते देवाचे प्रेम, आणि ते पाहून माणसाचे मन बदलते, तेच तारण. १९३० च्या सुमारास गुस्ताफ आउलेन या स्वीडिश धर्मशास्त्रज्ञाने विजयाचे प्राचीन चित्र पुन्हा पुढे आणले.

ही चर्चा युरोपातल्या ग्रंथांत राहिली, असे समजण्याचे कारण नाही. मराठीत हाच वाद चारशे वर्षे चालला आहे. फक्त तो प्रबंधांतून कमी आणि शब्दांच्या निवडीतून अधिक झाला.

सुरुवात गोव्यात झाली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत त्याचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. हा काळ निवांत नव्हता. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आले होते, साष्टीतली देवळे पाडली गेली होती, आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. जुन्या पोथ्या बाळगायला नवख्रिस्ती घरांना बंदी होती. स्टीफन्सच्या ग्रंथात एक ब्राह्मण ख्रिस्ती उठून पाद्रीला सांगतो, की तुम्ही आमची पुराणे नेलीत, तर त्यांच्या जागी ऐकायला दुसरे काही द्या. १६१६ मध्ये रायतूरला छापलेले 'ख्रिस्तपुराण' हे त्या मागणीचे उत्तर. सुमारे ११,००० ओव्या, कोकणी वळण असलेली मराठी, आणि छपाई रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे पाडण्याची परवानगी त्याने १६०८ मध्ये रोमकडे मागितली होती, पण ते घडले नाही. पहिल्या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उरलेली नाही. हस्तलिखिते मात्र टिकली आणि त्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणांनी ग्रंथ पुन्हा छापला.

स्टीफन्सने वैकुंठ, मोक्ष, मुक्ती हे शब्द बिनदिक्कत घेतले. त्याच्यापुढचा श्रोता पुराणे ऐकून वाढलेला होता, आणि एकनाथांना जाऊन उणीपुरी दोन दशके झाली होती. पण शब्द घेतले तरी त्यांच्या पोटातली गोष्ट बदलावी लागते. पुराणातला मोक्ष जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका देतो. ख्रिस्ती कथेत फेराच नाही. तिथे एक सुरुवात आहे, एक पडझड आहे आणि एकदाच घडलेली सुटका आहे. म्हणून ख्रिस्ताच्या जन्मापर्यंत यायलाच स्टीफन्सला अख्खे 'पैलें पुराण' लागले: सृष्टीची निर्मिती, आदाम-एवेचा अपराध, इस्राएलची वाटचाल. ऋण कसे झाले हे माहीत नसेल तर ते फेडल्याचा आनंद कोणाला होणार? ओवीच्या सुरेल चालीत त्याने श्रोत्यांना हे ऋण आधी सांगितले आणि मग सुटकेकडे नेले. ज्या सत्तेने पोथ्या हिरावल्या तिच्याच आश्रयाने हा मोक्ष देऊ केला गेला, ही गोष्टही त्या ग्रंथाच्या इतिहासाचा भाग आहे. तरीही सत्तेला मराठीची गरज उरली नाही तेव्हासुद्धा माणसांनी हा ग्रंथ हाताने उतरवून ठेवला, हेही खरे.

दोनशे वर्षांनी दुसरी सुरुवात झाली ती प्रॉटेस्टंटांची. श्रीरामपूरला विल्यम कॅरीने नागपूरच्या वैजनाथशास्त्री कानफाडे यांच्या मदतीने १८११ मध्ये मराठी नवा करार काढला. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईला आले. त्यांना पुराण रचायचे नव्हते. मूळ ग्रीक शब्दाला मराठी शब्द हवा होता. येशू पुष्कळांसाठी आपला जीव देतो त्या वाक्यातल्या 'लुट्रॉन' या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलमध्ये रुळला तो शब्द 'खंडणी'. आणि देवाने सोडवलेले लोक झाले 'खंडून घेतलेले'.

हा शब्द मराठी माणसाला इतिहासातून माहीत होता. फौज वेशीवर आली की गाव वाचवण्यासाठी भरायची ती खंडणी. ती भरल्यावर गाव लुटीतून सुटे, हा अर्थ 'लुट्रॉन'च्या बराच जवळ जातो. पण मग ग्रेगरीचा प्रश्न मराठीत आपोआप उभा राहतो: खंडणी मागणारा कोण? जो वेशीवर उभा आहे तो. देव वेशीवर उभा राहून मागतो आहे असे मानायचे की सैतान? आज वर्तमानपत्रात खंडणी हा फक्त गुंडाचा शब्द उरला आहे, त्यामुळे ती ओळ ऐकणारा तरुण थोडा दचकतो. नाझियान्झसचा ग्रेगरीही याच कारणाने दचकला होता.

ऋणाचे चित्र मात्र दख्खनमध्ये कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि तो उठाव नगर जिल्ह्यात पसरला. लोकांना हवे होते ते कर्जरोखे. मिळाले ते त्यांनी जाळले. चार वर्षांनी सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. नगर हे अमेरिकन मिशनचे मोठे केंद्र होते आणि तिथल्या ख्रिस्ती मंडळ्यांत महार व मांग कुटुंबे बहुसंख्येने होती. कलस्सैकरांच्या पत्रात आपल्या विरुद्धचा रोखा रद्द करून क्रुसाला ठोकल्याचे चित्र आहे. ते वाचणाऱ्या माणसाला रोखा म्हणजे काय, त्यावरचा अंगठा म्हणजे काय आणि तो रद्द होणे म्हणजे काय, हे अंगावरच्या अनुभवातून कळत होते. जुन्या करारातला 'गोएल' हा नातलगही त्याच जगातला आहे: भाऊबंदाची गेलेली जमीन किंवा गुलामीत विकला गेलेला भाऊबंद दाम मोजून सोडवणारा.

पुण्याच्या पेठांत मात्र वेगळ्या शब्दावर वाद पेटला होता. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये शहरातली मोठी मंडळी व्याख्यानाला गेली आणि तिथे चहा दिला गेला. गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावे प्रसिद्ध करवली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापर्यंत प्रायश्चित्ताचा प्रश्न येऊन ठेपला, आणि रानड्यांनी १८९२ मध्ये ते घेतले तेव्हा सुधारकांनाच धक्का बसला. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत ही हकीकत आहे.

त्याच वेळी त्या मिशनच्या आत हाच शब्द वेगळ्या कामाला लावलेला होता. मराठी बायबलने प्रायश्चित्त हा शब्द वेदीवरच्या यज्ञासाठी आणि ख्रिस्ताच्या मरणासाठी वापरला. पेठेत प्रायश्चित्त ज्याने दोष केला त्यानेच घ्यायचे असते. पंचगव्य त्याने प्यायचे, दक्षिणा त्याने द्यायची. एकाच्या दोषाचे प्रायश्चित्त दुसऱ्याने घ्यावे, तेही दोष नसलेल्याने, हे धर्मशास्त्राच्या आणि कर्माच्या हिशेबात बसत नाही. ज्याचे कर्म त्याला. ख्रिस्ती सांगणे नेमके तेवढेच उलटे करते. १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले काशीचे चित्पावन पंडित नीळकंठ (नेहेम्या) गोरे यांनी आपल्या 'षड्दर्शनदर्पणा'त दर्शनांशी झगडा मांडला तो अशाच पायाभूत मुद्द्यांवर. गोरे काही काळ पंचहौदातही राहिले. त्यांच्या लिखाणाने एका तरुण विधवेला ख्रिस्ती धर्माकडे वळवले. ती विधवा म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंनी १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण चर्चने पुढे ठेवलेली प्रत्येक कलमे त्यांनी मान खाली घालून मानली नाहीत. सिस्टर जेराल्डिनशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात त्रैक्यावर आणि ख्रिस्ताच्या स्वरूपावर त्या हटून वाद घालताना दिसतात. तारणाचा अर्थ त्यांना स्वतःला लागला तो १८९१ च्या सुमारास. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, ख्रिस्त मात्र आपल्याला सापडला नव्हता. सिद्धांत पटणे आणि सुटका झाल्याचे कळणे यांत त्यांनी स्पष्ट रेघ ओढली. दरम्यान १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो म्हणून पुण्यात वादळ उठले आणि पालकांनी मुली काढून नेल्या.

मग दुष्काळ आला. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून उपाशी मुली व विधवा केडगावला आणल्या. संख्या काही काळ दोन हजारांच्या घरात गेली. त्या जागेला त्यांनी नाव दिले 'मुक्ती'. यशयाच्या ग्रंथात नगराच्या भिंतींना तारण हे नाव आहे, त्यावरून. स्टीफन्सच्या श्रोत्याला मुक्ती म्हणजे मरणानंतरचे वैकुंठ वाटले असेल. केडगावच्या मुलीला मुक्ती म्हणजे आधी दोन वेळचे जेवण, डोक्यावर पुन्हा वाढलेले केस, हातात अक्षर आणि कोणाच्या मालकीची नसलेली खोली. रमाबाईंनी यांपैकी एक अर्थ खरा आणि दुसरा उपमेचा, असा भेद केला नाही.

अशा बायकांना कळेल असे बायबल हवे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतप्रचुर आणि जुन्या तत्त्वज्ञानाचे ओझे वाहणारे शब्द टाळून त्यांनी सारा ग्रंथ साध्या मराठीत आणला आणि तो मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच जुळवला, छापला. नवा करार १९१३ मध्ये निघाला. शेवटच्या मुद्रितांपर्यंत त्या काम करत होत्या आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. स्वतः संस्कृत पंडिता असलेल्या बाईने संस्कृतचा हात सोडावा, यातला निर्णय समजून घेण्यासारखा आहे. तारण ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच तो शब्द परका वाटला तर तो कितीही अचूक असून काय उपयोग, असा तो निर्णय होता.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी उलटी वाट धरली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरू आहे, माउली आहे. कर्ज, रोखा, न्यायालय ही चित्रे तिथे मागे पडतात आणि लेकराला कडेवर घेऊन निघालेली आई पुढे येते. आबेलारला हे आवडले असते. पण टिळकांनी क्रूस बाजूला ठेवला नाही. भक्तीत देव भक्तासाठी धावतो, कष्ट उपसतो, दळण दळतो. ख्रिस्ती भक्तीत तो भक्तासाठी मरतोही, आणि तेही एका रोमन सुभेदाराच्या अमलात, तारीखवार इतिहासात. वारकरी कानाला हे पुढचे पाऊल कसे ऐकवायचे, हाच टिळकांच्या काव्याचा प्रयत्न होता. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' काढला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले; ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

चर्चच्या बाहेर राहूनही एकाने या प्रश्नाला हात घातला. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) येशूला बळीराजाच्या रांगेत बसवले. मराठीत बळी म्हणजे वेदीवर दिलेला जीव, आणि बळी म्हणजे वामनाने पाताळात दडपलेला, शेतकऱ्यांचा लाडका राजाही. 'इडा पीडा टळो' म्हणत दिवाळीत ज्याची वाट पाहायची तो. फुल्यांना वेदीवरच्या बळीशी कर्तव्य नव्हते. दीनांच्या बाजूने उभा राहिला म्हणून मारला गेलेला आणि तरी हरला नाही असा राजा त्यांना येशूत दिसला. आउलेनने विजयाचे चित्र पुन्हा मांडले त्याच्या अर्धशतक आधी पुण्याच्या एका माळ्याने ते मराठी सणाच्या भाषेत मांडले होते. सैतानाच्या जागी फक्त जातीची गुलामी होती.

मी चंडीगडला राहते आणि मराठी, हिंदी, पंजाबी यांच्या मध्ये काम करते, म्हणून हे शब्द मला शेजारच्या भाषांच्या उजेडातही दिसतात. पंजाबात ख्रिस्ती लोकांच्या ओठी 'नजात' असते आणि 'मुक्ती'ही. उर्दू बायबलने लुट्रॉनला 'फिदिया' म्हटले आणि प्रायश्चित्ताच्या जागी 'कफ्फारा' हा इस्लामी धर्मशास्त्रातला शब्द बसवला. कफ्फाराही मुळात ज्याचा दोष त्यानेच भरायचा. म्हणजे पुण्यातल्या अडचणीची जुळी बहीण सियालकोटात होती. तिथे १८७३ मध्ये दित्त नावाच्या चूहडा समाजातल्या माणसाने बाप्तिस्मा घेतला आणि पाठोपाठ गावेच्या गावे आली. त्यांच्यासाठी इमामुद्दीन शहबाज यांनी स्तोत्रे पंजाबी पद्यात आणली, ती आजही गायिली जातात. आणि भवसागर तरून जाण्याचे चित्र पंजाबीला परके नाही. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला नामदेवांची स्मृती आहे, त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, २०१५ चे मराठी साहित्य संमेलनही तिथेच भरले होते. तारण्याची भाषा महाराष्ट्रातून पंजाबात पायी चालत आली ती स्टीफन्सच्या कितीतरी आधी.

अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले. त्या अनुवादाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या उस्मानाबाद संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. म्हणजे हे काम थांबलेले नाही.

मराठीला ख्रिस्ताच्या कामासाठी एकच नेमका शब्द मिळाला नाही, याची कधी कधी खंत व्यक्त होते. मला ती वाटत नाही. मोक्ष म्हटले की पोथी हरवलेला साष्टीचा ब्राह्मण दिसतो, रोखा म्हटले की सुप्याचा शेतकरी. प्रायश्चित्ताच्या मागे पुण्याची पेठ आहे, मुक्तीच्या मागे केडगावची मुलगी आणि बळीच्या मागे फुल्यांचा माळी-कुणबी. प्रत्येकाने तारण मागितले ते आपल्या बेडीचे नाव घेऊन, आणि प्रत्येकाला त्या बेडीच्या मापाचा शब्द मिळाला. चर्चच्या परिषदांनी एक व्याख्या केली नाही ती कदाचित याच जाणिवेने. अनुवादकाला यातून एवढेच शिकता येते, की शब्द निवडण्याआधी विचारावे: ज्याला हे वाचून दाखवायचे आहे तो कशात अडकला आहे?